बाळंतपण, पोटात राहिलेला टॉवेल आणि ३६,००० रुपये

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपण उरकलं की नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं, असं ठरवूनच ती दाखल झाली होती. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, डॉक्टर स्त्रीरोग विभागातल्याच. १३ जुलैला ऑपरेशन झालं. त्यानंतर लगेच तिला सणसणून ताप भरला आणि पोटात असह्य दुखू लागलं. एवढ्या साध्या ऑपरेशननंतर इतकं दुखत नसतं.

१५ जुलैला नवऱ्याने धावपळ सुरू केली. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठलं. त्याच रुग्णालयाशी संबंधित, पण स्त्रीरोग विभागात नसलेल्या एका नामांकित सर्जनलाही गाठलं. सर्जननी तिला तपासलं. पोट पुन्हा उघडून बघायला हवं, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं. ते कुणी मनावर घेतलं नाही. प्रकृती ढासळत गेली. १९ जुलैला त्याच सर्जनना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी टाके उघडले. आत पू साठला होता आणि पहिल्या ऑपरेशनच्या वेळी वापरलेला मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडी टॉवेल, पोटातच होता. पू काढला, पोट बंद केलं. पाच दिवसांनी, २४ जुलैला, ती गेली.

नवऱ्याने आणि मुलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. तो दिवाणी न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. शेवटचा निकाल लागला २० फेब्रुवारी १९९६ रोजी. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे आणि वैद्यकीय हलगर्जीपणाच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात त्याचा दाखला दिला जातो. मला इथे तो दाखला म्हणून मांडायचा नाही. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या उपचारात इजा झालेल्या बाईने, किंवा तिच्या मागे राहिलेल्यांनी, भरपाई मागायची म्हणजे काय काय सिद्ध करावं लागतं, वाट कुठे अडते आणि कोण सोडवतं, हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

मधले चार दिवस

टॉवेल विसरला, ही या प्रकरणातली सर्वांना आठवणारी गोष्ट. पण कुटुंबाच्या बाजूने वाचलं तर नजर १५ ते १९ जुलैच्या मधल्या चार दिवसांवर थांबते.

बाळंतपणातल्या इजेत बहुतेक वेळा चुका दोन असतात. पहिली बाळंतखोलीत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तिथे घरच्यांपैकी कुणी नसतं, आणि बाई स्वतः भुलीखाली किंवा वेदनेत असते. दुसरी चूक वॉर्डात होते. ताप चढतो आहे, पोट फुगतं आहे, बाई कण्हते आहे आणि कुणी तपासत नाही. ही दुसरी चूक आई, सासू, नवरा, शेजारच्या खाटेवरची बाळंतीण, सगळे बघत असतात. म्हणूनच ती सिद्ध करणं तुलनेने सोपं असतं. तापाचा तक्ता असतो, नाडीच्या नोंदी असतात, नर्सने डॉक्टरांना कधी बोलावलं आणि डॉक्टर कधी आले हे केसपेपरवर असतं. नसेल, तर ते नसणंही पुढे बोलतं.

तरीही आमच्याकडे सल्ल्याला येणारी कुटुंबं पहिल्या चुकीवरच सगळा जोर लावतात. ‘डॉक्टरांनी नीट केलं नाही’ हे वाक्य दहादा येतं. ‘रात्री नऊपासून सांगत होतो, पहाटेपर्यंत कुणी आलं नाही’ हे मात्र बोलण्याच्या ओघात कधीतरी, जाता जाता निघतं. दाव्याचा कणा बऱ्याचदा त्या दुसऱ्या वाक्यात असतो. औरंगाबादच्या त्या नवऱ्याने १५ तारखेलाच दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांना गाठलं, याला फार महत्त्व आहे. त्यामुळे त्याच्या बाजूने एक तारीख उभी राहिली आणि तपासणारा एक माणूस उभा राहिला.

मॉप मोजणं

ऑपरेशन थिएटरमधला मॉप म्हणजे अनेक पदरी जाळीदार कापडाचा चौकोन. त्याच्या एका कोपऱ्याला नाडीसारखी पट्टी शिवलेली असते. पोट उघडलं की आतडी बाजूला सारायला आणि रक्त टिपायला तो आत सरकवतात. रक्ताने भिजला की तो आतल्या अवयवांसारखाच दिसतो, हाताला वेगळा लागत नाही. म्हणून ती पट्टी जखमेच्या बाहेर ठेवून तिला चिमटा लावायची पद्धत आहे. म्हणूनच ऑपरेशन सुरू होण्याआधी मॉप मोजतात, पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजतात आणि शेवटी आणखी एकदा. आकडा फळ्यावर लिहिलेला असतो. नर्सने ‘काउंट करेक्ट’ म्हटल्याशिवाय सर्जनने पोट बंद करायचं नसतं.

आता बघा, या साखळीत माणसं किती. मॉप देणारी नर्स, बाहेरून मोजणारी नर्स, मदतनीस डॉक्टर, मुख्य डॉक्टर. चूक नेमकी कुणाची? डॉक्टरांनी विचारलं नाही, की नर्सने चुकीचा आकडा सांगितला, की मोजलंच नाही? बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला हे कळायला कुठलाच मार्ग नाही. पण दिवाणी दाव्याचा साधा नियम असा की, जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करायचा. इथेच असे बरेच दावे कोसळतात. दवाखाना म्हणतो, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणतात, मोजायचं काम नर्सचं. नर्सचं नाव कागदावर नसतंच.

सर्वोच्च न्यायालयाने हा पेच सोडवला. निकाल न्या. बी. एन. किरपाल यांनी लिहिला. डॉक्टरांच्या कौशल्यात फरक असतो, एकाच आजारावर उपचाराच्या एकाहून अधिक रीती असतात, आणि डॉक्टरने योग्य काळजी घेऊन त्यातली एक निवडली तर तिला हलगर्जीपणा म्हणायला न्यायालयाने घाई करू नये, हे त्यांनी आधी नीट नोंदवलं. तेही खरंच आहे. पण नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल ठेवून शिवणं ही उपचाराची कुठलीच रीत नाही. इथे वस्तुस्थितीच बोलते आहे, हलगर्जीपणा उघड दिसतो आहे. नेमक्या कुणाच्या हातून तो घडला हे कुटुंबाने दाखवण्याची गरज नाही. रुग्णालयाच्या माणसांपैकी कुणाच्या तरी हलगर्जीपणाने मृत्यू झाला एवढं सिद्ध झालं, की ते रुग्णालय चालवणारं सरकार भरपाईला बांधील आहे.

बचावात आणखी एक मुद्दा आला होता. पोटात झालेला जंतुसंसर्ग दुसऱ्या ऑपरेशनमुळेही झाला असेल, मग पहिल्या ऑपरेशनच्या डॉक्टरांना दोष का? न्यायालयाचं उत्तर सरळ होतं. टॉवेल आत राहिला नसता तर दुसऱ्या ऑपरेशनची वेळच आली नसती. बाळंतपणाच्या दाव्यांत हा बचाव आजही रोज भेटतो. ‘आमच्याकडून बाई चालत गेली, पुढच्या दवाखान्यात बिघडलं.’ पहिल्या दवाखान्याने रक्तस्राव वेळेत ओळखला नाही, बाईला अखेरच्या क्षणी रिक्षात घालून पुढे पाठवलं, आणि ती तिथे पोहोचून दगावली, की कागदावर मृत्यू पुढच्या दवाखान्याच्या नावावर लागतो. खोडवा निकालातलं ते उत्तर अशा वेळी कामी येतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साक्षीदार होता. ज्या सर्जननी पोट उघडून टॉवेल बाहेर काढला, ते वादीच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. आपल्याच रुग्णालयातल्या सहकाऱ्यांविरुद्ध जाणारी ही साक्ष होती. ती नसती तर दाव्यात उरलं असतं ते फक्त नवऱ्याचं म्हणणं. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाहीत, हे आपण सगळेच म्हणतो आणि बऱ्याच अंशी ते खरंही असतं. पण या देशातला मातृ-आरोग्याचा एक पायाभूत निकाल एका डॉक्टरच्या सरळ साक्षीवर उभा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

सरकारवर दावा लावता येतो का?

खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण वाचून कुणालाही धक्का बसेल. रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम कार्य, म्हणजे फक्त राज्यसत्तेनेच करायचं काम आहे, म्हणून तिथल्या नोकरांच्या चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही.

हा विचार आला कुठून, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईशी त्याचा संबंध आहे. १९४७ च्या सप्टेंबरात मेरठमध्ये पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडलं आणि त्याच्याजवळचं सोनं ठाण्यात जमा केलं. माणूस सुटला, पण सोनं मिळेना. ते सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता. सराफाच्या पेढीने सरकारवर दावा लावला. ‘कस्तुरीलाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, त्यांतल्या नोकराच्या गुन्ह्याची भरपाई राज्याकडून मागता येणार नाही. त्याआधी १९६२ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात, कलेक्टरच्या सरकारी जीपने पादचाऱ्याचा जीव गेला तेव्हा, त्याच न्यायालयाने सरकारला भरपाई द्यायला लावली होती. म्हणजे जीपखाली गेलात तर भरपाई, पोलिसांनी सोनं बुडवलं तर नाही. मग सरकारी थिएटरमध्ये पोटात टॉवेल राहिला तर?

उच्च न्यायालयाने त्याला सोन्याच्या रांगेत बसवलं. सर्वोच्च न्यायालयाने तिथून उठवलं. दरम्यान १९९४ मध्ये, आंध्रातल्या एका व्यापाऱ्याचा जप्त केलेला माल सरकारी ताब्यात खराब झाल्याच्या प्रकरणात, सार्वभौमत्वाची ही ढाल न्यायालयाने बरीच छाटली होती. खोडवा प्रकरणात त्यांनी म्हटलं की, रुग्णालय चालवणं हे सरकारचं कल्याणकारी काम आहे. ते खासगी माणूसही करतो. त्यात सार्वभौम असं काही नाही. राज्य जबाबदार आहे. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला आणि ३६,००० रुपयांची भरपाई पुन्हा लागू झाली.

बाई गेली १९६३ साली. पैशांवर शिक्कामोर्तब झालं १९९६ साली. त्या जुलैत जन्मलेलं मूल निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचं असणार. ज्या काळात आई नसलेल्या घराला पैशाची गरज असते, दूध, दाई, शाळा, तो काळ केव्हाच सरून गेला होता. या निकालाने जो कायदा दिला तो तुम्हाआम्हाला मिळाला. त्या घराला मिळाले ३६,००० रुपये, आणि मधल्या वर्षांत रुपयाचं काय झालं ते सांगायला नको. मला याचा राग येतो. हा राग कुणा एका न्यायाधीशावर नाही. एका बाळंतिणीच्या मृत्यूला तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या रचनेवर आहे.

टॉवेल नसेल तेव्हा

खोडवा प्रकरणात टॉवेल होता. हातात धरता येईल असा पुरावा होता. बाळंतपणातल्या बहुतेक इजांमध्ये असं काही सापडत नाही.

सगळ्यात जास्त लपून राहणारी इजा म्हणजे खालची फाट. मूल बाहेर येताना योनीमार्ग फाटतो किंवा डॉक्टर छेद देतात, आणि मग टाके घालतात. हे नेहमीचं आहे. पण कधी फाट मागे गुदद्वारापर्यंत जाते आणि शौच रोखून धरणारा गोल स्नायू तुटतो. त्याला तिसऱ्या अंशाची फाट म्हणतात. आतड्याचं अस्तरही फाटलं तर चौथ्या अंशाची. वरवर बघून ही कळत नाही. म्हणून टाके घालण्याआधी गुदद्वारात बोट घालून तपासायचं असतं. स्नायू तुटलेला असेल तर बाईला थिएटरमध्ये न्यायचं, भूल द्यायची, चांगल्या उजेडात, त्या कामाचा हात असलेल्या डॉक्टरने थराथराने शिवायचं. अशी फाट होणं हा दर वेळी हलगर्जीपणा नसतो. मोठं बाळ, पहिलं बाळंतपण, बाळ ओढून काढायला चिमटा लावावा लागणं, यांत चांगल्या डॉक्टरच्या हातूनही ती होते. हलगर्जीपणा असतो तो न तपासण्यात, वरवरचे टाके घालून मोकळं होण्यात, आणि बाई तक्रार करते तेव्हा न ऐकण्यात.

पुढे काय होतं? बाईला वारा रोखता येत नाही. मग शौच रोखता येत नाही. कधी योनीमार्ग आणि आतडं यांच्यामध्ये भोक पडतं आणि मळ पुढून येऊ लागतो. ती देवळात जाणं सोडते, लग्नकार्याला जाणं सोडते, एसटीत बसायला घाबरते. नवऱ्यापासून लांब झोपते. आईला सांगितलं तर आई म्हणते, ‘अगं, बाळंतपणात असं होतंच, सव्वा महिना जाऊ दे, शेक घे, बरं वाटेल.’ सासूला सांगायची सोय नसते. सव्वा महिन्याचं वर्ष होतं, वर्षाची तीन होतात. आणि मग कधीतरी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू जोडलाच नव्हता, की तिला पहिल्यांदा कळतं, हे असं होतंच असं नाही.

इथे कायदा तिला फार वाईट ठिकाणी गाठतो. ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत दिली आहे. उशिराचं समाधानकारक कारण दिलं तर तो माफ होऊ शकतो, आणि इजा उशिरा कळली असेल तर मुदत कळल्यापासून मोजावी, असाही युक्तिवाद करता येतो. पण २०१० मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या गोव्याच्या एका नर्सच्या पोटात जाळीचं कापड राहिलं होतं. ऑपरेशन १९९३ चं, कापड सापडलं २००२ मध्ये, तक्रार झाली २००४ मध्ये. न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. ‘इतकी वर्षं दुखत होतं, तुम्ही स्वतः अनुभवी नर्स, मग त्या डॉक्टरांकडे परत का गेला नाहीत?’ असा रोख होता. म्हणजे सहन करणं तिच्या विरोधात गेलं. जिथे सहन करणं हाच बाळंतिणीचा गुण मानला जातो, तिथे या तर्काने किती दावे बुडत असतील याचा विचार करावा.

म्हणून अशा बाईला मी पहिली गोष्ट सांगते ती वकिलाची नव्हे, केसपेपरची. ज्या डॉक्टरांनी बाळंतपण केलं त्यांच्याकडेच परत जा, तक्रार तोंडी नको, केसपेपरवर लिहून घे, तारखेसह. ‘शौच रोखता येत नाही’ हे चार शब्द त्यांच्या अक्षरात कागदावर आले की पुढचा अर्धा लढा सोपा होतो. मग सगळ्या नोंदींची प्रत लेखी मागायची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी किमान तीन वर्षं ठेवणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. प्रसूतीची नोंद, टाक्यांची नोंद, बाळाचं वजन, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का, शिवताना भूल कोणती दिली, हे त्यात बघायचं. ‘टाके घातले’ एवढंच लिहिलं असेल आणि फाट कोणत्या अंशाची, गुदद्वार तपासलं का, याची नोंद नसेल, तर ती त्रुटी दाव्यात मांडता येते. नंतर दुसऱ्या सरकारी किंवा महाविद्यालयाच्या रुग्णालयात सोनोग्राफीसह तपासणी आणि लेखी निदान. खोडवा प्रकरणातल्या सर्जनची जागा इथे हा कागद भरून काढतो.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. २०१० मध्येच एका हैदराबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, ग्राहक आयोगापुढे चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञाशिवायही निकाल देता येतो. टॉवेलच्या बाबतीत हे सहज लागू पडतं. फाटीच्या बाबतीत मी तरी मतावाचून पुढे जायचा सल्ला देत नाही. फौजदारी तक्रारीचा मार्ग अनेकांना आधी सुचतो, पण त्यासाठी २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे फार गंभीर हलगर्जीपणा दाखवावा लागतो. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. रागाच्या भरात इथे वर्ष घालवलं की दोनांतलं एक गेलं.

खासगी दवाखाना असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दवाखान्याला मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते, आणि ती ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. भरपाई मागताना दुरुस्तीच्या ऑपरेशनचा खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी लिहायचीच. पण घरकामाचं मोलही लिहायचं. ‘मी काही कमवत नाही’ हे वाक्य बायका फार सहज बोलतात. गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातांच्या दाव्यांत २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ठणकावून सांगितलं आहे. तोच आधार इथेही घेता येतो.

सरकारी दवाखान्याचं मात्र वेगळं आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये, खोडवा निकालाच्या तीन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्यातून बाहेर ठेवलं. काही रुग्णांकडून पैसे घेत असतील तर मोफत उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. म्हणून केसपेपरची, खाटेची, तपासणीची कोणतीही पावती फेकू नये. पण पूर्ण मोफत बाळंतपण झालेल्या बाईला उरतं ते दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयातली रिट याचिका, म्हणजे हक्क डावलला म्हणून सरकारविरुद्ध थेट तिथे केलेला अर्ज. रिटमधून भरपाई मिळाल्याची उदाहरणं आहेत. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारी योजनांचा हक्क नाकारला गेलेल्या गरीब मातांच्या प्रकरणात ती दिली. पण गेवराईच्या किंवा धडगावच्या बाईने उच्च न्यायालयापर्यंत जायचं कसं? सगळ्यात गरीब बाईच्या वाट्याला सगळ्यात लांबची वाट येते.

यातून बाहेर पडायचा एक रस्ता सरकारने स्वतःच, पण अर्धवट, बांधून ठेवला आहे. नसबंदीनंतर मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा नसबंदी फसली, तर कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेखाली ठरलेली रक्कम मिळते. रुग्णालयातच किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाला तर सर्वांत मोठी रक्कम. तिथे चूक कुणाची, हे कुटुंबाने सिद्ध करायचं नसतं. १९६३ मध्ये अशी योजना असती तर औरंगाबादचं ते कुटुंब, नसबंदी झाली होती म्हणून, तिच्यात बसलं असतं. पण तीच बाई नसबंदी न करता, नुसत्या बाळंतपणात फाटून, टाके पिकून, शौच रोखता न येणारी होऊन घरी आली असती, तर आजही तिला या योजनेत काहीच नाही. सरकारला हवं असलेलं ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईची हमी सरकार घेतं, आणि ज्या बाळंतपणासाठी तिला घरातून दवाखान्यात आणायला आशाताई दारोदार फिरते, त्यातल्या इजेची घेत नाही.

ही हमी प्रसूतीपर्यंत वाढवायला हवी. तिसऱ्या-चौथ्या अंशाची न शिवलेली फाट, मूत्रमार्गाला किंवा आतड्याला पडलेलं भोक, पोटात राहिलेली वस्तू, वेळेत न ओळखल्यामुळे काढावी लागलेली गर्भपिशवी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. मुदत बाळंतपणापासून नव्हे, निदानापासून मोजावी. अर्ज आशाताईने भरून द्यावा, तपासणी जिल्हा रुग्णालयात व्हावी, दुरुस्तीचं ऑपरेशन मोफत आणि भरपाई थेट त्या बाईच्या खात्यात. ज्यांना जास्त मागायचं आहे त्यांना न्यायालयाचं दार उघडं राहीलच.